भिंतीवरील चित्राचा परवाना

हातातील मोबाइलवरचे चित्र समोरच्या टीव्हीवर नेऊन घरातील सर्वांना एकदम दाखविण्याची क्रिया आता इतकी अंगवळणी पडली आहे की, नातवाच्या मुंजीची छायाचित्रे आजीला दाखविताना किंवा परदेशी गेलेल्या लेकीशी बोलताना कोणीतरी सहज ‘टीव्हीला लाव’ म्हणते आणि ते लागतेही. या साध्या क्रियेमागे मोठा इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नव्हे. एकाच्या ताब्यातील लहानसे चित्र मोठे करून चारचौघांपुढे मांडावे ही हौस जितकी जुनी, तितकीच ते चित्र कोणी, कोठे आणि कोणाच्या संमतीने मांडावे ही विचारणाही जुनी आहे. प्रकाशाचे, भिंगांचे आणि विजेचे शोध कसे लागले हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत; चित्र आणि भिंत यांच्या मधोमध उभ्या असलेल्या परवान्याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. ती महाराष्ट्रात उभे राहून पाहू लागले म्हणजे आजच्या मोबाइल-टीव्हीच्या जोडणीत ज्या अडचणी प्रत्येकाला भोगाव्या लागतात त्यांपैकी बहुतेकींचा उगम ध्यानात येतो, असे माझे मत आहे.

आरंभ शोधावयाचा तर कुडाळजवळच्या पिंगुळी गावापासून करावा. तेथील ठाकर समाजातील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथीच्या पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले, आणि त्यांच्याच घरांत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही नांदला. पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये रंगविलेली कातड्याची आकृती, आणि पडद्यापुढे अंधारात दाटीने बसलेला गाव, अशी त्या खेळाची मांडणी असते. आकृती दाखविणाऱ्याच्या मुठीत मावेल एवढी, पण तिची छाया साऱ्या गावाच्या मालकीची! या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता, आणि राजाश्रय हाच त्या काळातील परवाना होता.

युरोपात याच कल्पनेला भिंगाची जोड मिळाली. डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास जो जादूचा कंदील सिद्ध केला, त्यात काचेवर रंगविलेले चित्र दिव्यापुढे ठेवून भिंगाच्या साहाय्याने भिंतीवर अनेक पटींनी मोठे केले जात असे. तोच कंदील सव्वादोनशे वर्षांनी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांच्या हाती आला आणि १८९२ साली त्यांनी व त्यांच्या पुत्रांनी ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने त्याचे जाहीर प्रयोग सुरू केले. पात्रांच्या निरनिराळ्या अवस्था काचांवर हाताने रंगवावयाच्या, त्या काचा कंदिलापुढे अशा चपळाईने सरकवावयाच्या की प्रेक्षकाला आकृती हलल्याचा भास व्हावा, आणि त्याच वेळी निवेदन, संवाद व संगीत यांची साथ द्यावयाची, हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना एक काच हातात घेऊन पाहिल्यावाचून येणार नाही. हाताच्या पंजाएवढ्या त्या काचेवर राक्षसाच्या मिशीचा केससुद्धा चुकला तर भिंतीवर तो दोरखंडाएवढा दिसावयाचा. लहान चित्र मोठे करताना त्यातील प्रत्येक दोषही मोठा होतो, हा या विद्येचा पहिला नियम पटवर्धन पितापुत्रांनी सिनेमा भारतात येण्यापूर्वीच हस्तगत केला होता. आपल्या चित्रपटेतिहासात या कुटुंबाला जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे अजूनही मिळालेले नाही, हे येथे खेदाने नमूद केले पाहिजे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असलेल्या मारियस सेस्तिए याने तो दाखविला. लहान लहान सहा चित्रे, तिकीट एक रुपया, आणि प्रेक्षक बहुतेक गोरे. मात्र आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर लावून, पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकीची तजवीज करून, ही चलच्चित्रे शहरातील सर्व थरांपुढे मांडली गेली. हॉटेलच्या दालनातून नाटकगृहात झालेले हे स्थलांतर मला फार महत्त्वाचे वाटते, कारण चित्राचे यंत्र तेच राहिले आणि केवळ दाराशी विचारला जाणारा प्रश्न बदलला. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईतील हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हा भाग सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार करीत नाही.

फारसे सर्वश्रुत नाही ते १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचे प्रकरण. या कायद्याने चित्रपटाच्या तपासणीची व्यवस्था लागू झालीच, पण त्याबरोबर चित्र दाखविण्याच्या जागेलाही सरकारी परवाना आवश्यक ठरला, आणि त्यामागे आगीचे भय हे एक खरे कारण होते. त्या वेळची फीत नायट्रेटची असल्यामुळे ती क्षणात पेट घेई. परिणामी जत्रेजत्रेतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमावाल्याला ट्रकवर यंत्र, खुर्च्या, कनात आणि जनरेटर चढविण्यापूर्वी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. पोलिसांचा ना-हरकत दाखला, करमणूक कराचा भरणा, जागेचे भाडे, हा सारा दस्तऐवजांचा सरंजाम जमला म्हणजे मग कोठे संध्याकाळी तंबूतील पडदा उजळावयाचा. परवाना म्हणजे जुलूमच असतो असे कोणी समजू नये. पेटत्या फितीने माणसे दगावू नयेत यासाठी घातलेला बंदोबस्त न्याय्यच होता. या परवान्याचा मोठा गुण असा की तो उघड होता. तो कोणी दिला, किती दिवसांसाठी दिला आणि नाकारला तर कोणाकडे दाद मागावी, हे त्या कागदावर लिहिलेले असे.

आणि या साऱ्या बंदोबस्तातूनही एक मोकळी जागा उरली होती, ती गणेशोत्सवातील रस्त्याची. आरती आटोपल्यावर गल्लीच्या दोन टोकांना दोर बांधून मध्ये पांढरे कापड ताणावयाचे, सोळा मिलिमीटरचे यंत्र टेबलावर मांडावयाचे, आणि मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी बसकण मारावयाची. ज्यांना पुढल्या बाजूस जागा मिळत नसे ते मागल्या बाजूने तोच सिनेमा पाहात, फरक इतकाच की तेथे नावांची अक्षरे उलटी उमटत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी. मध्येच वारा सुटला की कापड फुगे, त्यासरशी नायिकेचा चेहराही फुगे, आणि रीळ बदलेपर्यंतच्या अंधारात पोरे यंत्राच्या झोतात बोटे धरून हरणे आणि ससे नाचवीत. एका चित्राला दोन बाजू असू शकतात आणि दोन्ही बाजूंचे प्रेक्षक सारखेच रंगून जातात, हे ज्यांनी त्या गल्लीत पाहिले आहे त्यांना समूहाने पाहण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

दूरचित्रवाणी भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात अवतरली, आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र मिळाले. आज ज्याच्या त्याच्या खोलीत पडदा असल्याने सांगावे लागते की, टीव्ही हा आपल्याकडे प्रथम सार्वजनिक वस्तू म्हणूनच आला. दिल्लीच्या परिसरात एकत्र बसून कार्यक्रम पाहणारी दूरचित्रवाणी मंडळे होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो प्रचंड प्रयोग झाला त्यात सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविले होते. मुंबईच्या चाळीत सरकारने काही बसविले नव्हते, पण जेथे एका बिऱ्हाडात संच आला तेथे तो साऱ्या मजल्याचा झाला. गुरुवारी ‘छायागीत’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागण्यापूर्वी दारातील चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचावयाचा, घरधन्याने गच्चीवर चढून अँटेना फिरवावयाची, खालून कोणीतरी ‘मुंग्या आल्या’, ‘आता बरं दिसतंय’, ‘थांब, थांब, तिथंच!’ असे ओरडावयाचे, आणि घरातील बाईने पाहुण्यांना पाणी देता देता उभ्यानेच कार्यक्रम पाहावयाचा, हा त्या काळचा नित्यक्रम होता. काही घरांत मुलांकडून पाच-दहा पैसे घेतले जात हेही खरे आहे, परंतु तेवढ्यावरून त्या काळातील दाराच्या उघडेपणाला उणेपणा येत नाही.

त्या संचालाही परवाना लागे. टपाल कचेरीतून परवान्याचे पुस्तक काढावयाचे, दरसाल शुल्क भरून त्यावर शिक्का उमटवून घ्यावयाचा, आणि तपासनीस आल्यास ते दाखवावयाचे, अशी पद्धत होती. १८८५ च्या तार कायद्याची ती दूरची शाखा. आकाशातून येणाऱ्या लहरी पकडण्याचा अधिकार मुळात सरकारचा आणि नागरिकाला तो केवळ मुभा म्हणून मिळालेला, ही त्यामागील धारणा. १९८५ साली ही पद्धत रद्द झाली. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा प्रेक्षकाला टपाल कचेरीत जाण्याचे कारण उरले नव्हते. ओटीवर संच मांडावा, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी आणि गावाने अंगणात बसावे. चित्र आणि भिंत यांमध्ये कोणीच नव्हते असा काळ आपल्या इतिहासात कधी आला असेल तर तो हाच होय. तो फार टिकला नाही.

टीव्हीला दुसरे यंत्र जोडण्याची विद्या लोकांनी शिकून घेतली ती व्हीसीआरच्या निमित्ताने. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्या गल्लीबोळांतील व्हिडिओ लायब्ररीत पोचली आणि शनिवारी रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणून पहाटेपर्यंत पाहण्याचा प्रघात पडला. यंत्र घेऊन येणारा पोऱ्या टीव्हीच्या मागल्या बाजूस वाकून अँटेनाची वायर काढी, व्हीसीआरची वायर खोवी, एखादे चॅनेल फिरवीत फिरवीत चित्र ‘पकडी’, आणि पट्टी मळली असेल तर रुमालाने हेड पुसून देई. पुढे पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांच्या तीन पिना आल्या. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. अमेरिकेतील आरसीए कंपनीने मुळात रेडिओ-फोनोग्राफसाठी काढलेली ती पिन इतकी साधी आणि सोशिक होती की व्हीसीआर, व्हीसीडी, डीव्हीडी, मुलांचे व्हिडिओ गेम अशा साऱ्यांनी तिच्याच आधाराने दिवस काढले. ती कोणाला काही विचारीत नसे. रंगाला रंग जुळविला की चित्र उमटले. पिन सैल झाली तर चिमटीने दाबून घट्ट करता येई. आपल्याकडील घराघरांतील मुलांना विद्युत्‌-यंत्रांविषयी जी पहिली धिटाई आली ती या तीन पिनांनी दिली, असे मी निःशंकपणे म्हणेन.

मोबाइल आणि टीव्ही यांची पहिली गाठ याच पिनांवर पडली. फिनलंडच्या नोकिया कंपनीचा एन-९५ हा फोन २००७ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या हेडफोनच्या भोकात घालावयाची एक केबल मिळे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला रंगीत पिना असत. फोनचा पडदा २.६ इंचांचा, त्यावर २४० गुणिले ३२० ठिपके. टीव्ही ‘एव्ही’वर ठेवला की तेच ठिपके एकवीस इंचांच्या काचेवर पसरत आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत. कल्याणच्या काचांचा नियम येथेही लागू होता. तरीही लग्नात कोणा भाच्याने फोनवर घेतलेले चित्रण त्याच संध्याकाळी बिऱ्हाडी टीव्हीवर पाहावयास मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, कारण तोवर लग्नाची कॅसेट स्टुडिओतून हाती यावयास कित्येक आठवडे लागत.

याच सुमारास टीव्हीच्या पाठीवरील भोके बदलू लागली होती. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय नावाची जोडणी ठरविली. एकोणीस टाचण्यांच्या एकाच चपट्या पिनेतून चित्र आणि आवाज दोन्ही, आणि तेही अंकरूपात, म्हणजे वाटेत जराही झीज न होता जाऊ लागले. गुणवत्तेच्या दृष्टीने ही झेप मोठी होती. परंतु या तारेत एक नवा द्वारपाल बसविलेला होता. इंटेलने घडविलेली एचडीसीपी ही संरक्षणपद्धती अशी की, दोन यंत्रे जोडली जाताच चित्र पाठविणारे यंत्र चित्र घेणाऱ्या यंत्राला आपली ओळख पटविण्यास सांगते; तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राच्या पोटात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या ठेवलेल्या असत, आणि त्यांचा मेळ बसला तरच चित्र पुढे जाई. या किल्ल्या वाटण्याचा मक्ता इंटेलच्याच एका उपकंपनीकडे. चित्रपटाच्या नकला होऊ नयेत हा या संरक्षणपद्धतीचा हेतू, आणि निर्मात्याच्या कष्टांना संरक्षण हवे हे कोणीही मान्य करील. पण २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्लीच फुटून जगजाहीर झाली आणि इंटेलने ती खरी असल्याचे मान्य केले, तेव्हापासून चोराला तिचा अडथळा नावापुरता राहिला आणि रीतसर पैसे भरून चित्रपट पाहणाऱ्याला मात्र तो रोज सोसावा लागला. फोनवरचा चित्रपट टीव्हीवर नेताना आवाज ऐकू येतो, मजकुराची अक्षरेही दिसतात आणि नेमक्या चित्राच्या जागी काळा चौकोन येतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनी बहुधा केबलला, टीव्हीला किंवा स्वतःच्या अज्ञानाला बोल लावला असेल. वस्तुतः तेथे परवाना नाकारलेला असतो. नाकारणाऱ्याचे नाव मात्र पडद्यावर येत नाही, आणि दाद मागावयास कचेरीही नसते.

तारांच्या जोडणीतील पुढला दशकभराचा गोंधळ थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस घेण्यासारखे थोडे आहे. २०१० मध्ये नोकिया, सॅमसंग, सोनी, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज यांनी एमएचएल नावाची पद्धत काढली. चार्जिंगच्याच पाच टाचण्यांच्या भोकातून चित्रही बाहेर काढण्याची ती युक्ती होती. दोनच वर्षांत सॅमसंगने आपल्या नव्या फोनात अकरा टाचण्या केल्या आणि आदल्या वर्षी घेतलेल्या केबलला जोडतुकडा लागू लागला. आता जवळजवळ सर्व फोनांना यूएसबी-सीचे एकसारखे भोक आहे, तरी त्यातून चित्र बाहेर येईलच असे नाही, कारण बहुतेक स्वस्त फोनांत ती सोय केलेलीच नसते. गूगलच्या पिक्सेल ८ या फोनात तर ही क्षमता यंत्रात असूनही ती वापरण्याची मुभा २०२४ मधील एका नव्या प्रणालीने दिली. म्हणून दुकानदाराकडून केबल घेताना ‘या मॉडेलला चालते का’ हे विचारून, शक्य तर तेथेच लावून पाहून मगच पैसे द्यावेत.

तारेवाचून चित्र नेण्याचे प्रयत्न २००३ पासून चालू होते. त्या वर्षी सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने निघालेली, नंतर डीएलएनए या नावाने ओळखली गेलेली संघटना एका उदार कल्पनेवर उभी होती: घरातील कोणत्याही कंपनीच्या यंत्राने कोणत्याही कंपनीच्या यंत्राला छायाचित्र, गाणे वा चित्रण द्यावे. शेकडो कारखानदार तीत आले, लक्षावधी टीव्हींवर तिचा शिक्का लागला, आणि २०१७ च्या आरंभी ती विसर्जितही झाली. दरम्यान ॲपलने नोव्हेंबर २०१० मध्ये एअरप्ले आणले आणि पुढल्या वर्षी फोनच्या पडद्याचे संपूर्ण प्रतिबिंब टीव्हीवर उमटविण्याची सोय केली. ती उत्तम चाले, पण दोन्ही टोकांना त्याच कंपनीचे यंत्र लागे. सप्टेंबर २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्सने मिराकास्ट जाहीर केले. त्यात फोन आणि टीव्ही घरातील इंटरनेटच्या मदतीवाचून एकमेकांशी थेट बोलतात. फोन आपल्या पडद्याचे प्रत्येक चित्र क्षणोक्षणी आवळतो, त्याचे तुकडे करून लहरींवरून पाठवितो, टीव्ही ते तुकडे जुळवून पुन्हा चित्र उभे करतो, आणि या खटाटोपात जो किंचित विलंब लागतो त्यामुळे बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात किंवा आवाज आधी येतो. ही पद्धत सर्वांसाठी खुली होती. अँड्रॉइडने त्याच वर्षी तिचा स्वीकार केला आणि तीन वर्षांनी गूगलने स्वतःच्या नेक्सस फोनांतून ती काढून टाकली.

काढून टाकण्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. २४ जुलै २०१३ रोजी गूगलने ३५ डॉलर किमतीचे क्रोमकास्ट विक्रीस आणले होते. भारतात ते डिसेंबर २०१४ मध्ये २९९९ रुपयांना आले. टीव्हीच्या एचडीएमआय भोकात बसणारा तो लहानसा तुकडा एका अगदी निराळ्या कल्पनेवर चाले. फोन त्याला चित्र देतच नाही. तो फक्त चित्राचा पत्ता देतो, आणि तुकडा तो पत्ता घेऊन स्वतःच इंटरनेटवरून चित्र आणतो. फोन बंद केला, खिशात टाकला, दुसऱ्याशी बोलू लागलो तरी टीव्हीवरील चित्र चालूच राहते. तांत्रिक दृष्ट्या ही कल्पना फार सुंदर आहे, आणि विलंबाचा व बॅटरीचा प्रश्न तिने एका झटक्यात सोडविला हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण तिच्यामुळे पिंगुळीपासून चालत आलेला एक संबंध तुटला. आजवर आकृती दाखविणाऱ्याच्या हातात होती आणि तिचीच छाया भिंतीवर पडत होती. आता हातात फक्त पत्ता उरला, आणि आकृती दूरच्या कोणाच्या कोठारात गेली. कोठाराच्या मालकाने दार लावले की हातातील पत्त्याला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात या साऱ्या पद्धतींचा सर्वांत मनापासून उपयोग कोणी केला असेल तर तो जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांनी. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि डिजिटल शाळांची जी लाट आली तिच्यात गावोगाव लोकवर्गणी काढून टीव्ही घेतले गेले. संगणक नसला तरी गुरुजींच्या खिशात फोन होता. जेथे टीव्हीही जमला नाही तेथे फोनपुढे भिंग धरणारे एक लहानसे प्लॅस्टिकचे उपकरण वापरून मुलांना चित्र मोठे करून दाखविले गेले, आणि अशा रीतीने हायगेन्सचे भिंग साडेतीनशे वर्षांनी मराठी शाळेच्या टेबलावर येऊन बसले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, आणि पुढल्या वर्षी जिओफोन जाहीर करताना तो जुन्या काचेच्या टीव्हीलाही जोडता येईल अशी केबल दाखविण्यात आली. ज्या घराची नवा टीव्ही घेण्याची ऐपत नाही त्याचाही विचार कोणा कारखानदाराने केला, याची नोंद ठेवावयास हवी. मग २०२० चा मार्च आला, आणि त्याबरोबर कोरोनाची टाळेबंदी. २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा ‘रामायण’ लागले, आणि ज्या घरांत एकच फोन व दोन-तीन मुले होती तेथे तो फोन टीव्हीला जोडून सर्वांनी एकत्र वर्ग ऐकले. पालकांनी, आजोबांनी, शेजारच्या कॉलेजातील मुलाने ही जोडणी त्या दिवसांत शिकून घेतली ती कोणत्याही माहितीपत्रकावरून नव्हे, तर मागील पिढीने तीन रंगीत पिनांवर कमावलेल्या त्याच धिटाईने.

ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्टचे उत्पादन थांबविले. ९ मार्च २०२५ रोजी जगभरातील दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे एकाएकी चालेनाशी झाली. त्यांतील एकही तार तुटली नव्हती, एकही भाग जळला नव्हता. यंत्राची ओळख पटविणाऱ्या अंकीय प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत तेवढी संपली होती. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठविली आणि यंत्रे पुन्हा चालू लागली, पण आपल्या घरातील, आपण पैसे देऊन घेतलेले यंत्र कोणत्या परवान्यावर चालत होते हे मालकांना त्या दिवशी प्रथमच कळले. टपाल कचेरीतील परवाना-पुस्तकावर मुदतीची तारीख निदान शाईने लिहिलेली असे.

यंत्रे सुधारली हे मला मान्य आहे. परवाना वाईट झाला, कारण तो अदृश्य झाला. जोडणीचे नियम सर्वांसाठी खुले असावेत, नकार मिळाला तर कारण पडद्यावर लिहिलेले असावे, आणि मुदत असेल तर ती खोक्यावर छापलेली असावी, एवढी मागणी ग्राहक म्हणून आपण सर्वांनी कारखानदारांकडे आणि सरकारकडेही केली पाहिजे. वाचकांना माझी आणखी एक विनंती आहे. टपाल कचेरीचे शिक्के असलेली टीव्ही परवान्याची पुस्तके, व्हिडिओ लायब्ररीच्या भाड्याच्या वह्या, तंबू सिनेमाचे ना-हरकत दाखले, मंडळांच्या सोळा मिलिमीटर खेळांच्या पावत्या, असे कागद अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर असतील. ते रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या ग्रंथालयाला किंवा जवळच्या इतिहास मंडळाला दाखवावेत, आणि घरात पहिला टीव्ही कोणत्या साली आला, तो पाहावयास कोण कोण येत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून सोबत एका कागदावर लिहून द्यावे.